जंताचं औषध पाजूनही मेंढी-शेळी खंगते? कोकणात या चुका टाळा

“परवाच जंताचं औषध पाजलं, तरी जबड्याखाली सूज कशी?” खोटं कुणी बोलत नाही, औषध खरंच पाजलेलं असतं. पण बऱ्याचदा ते भलत्याच जंताचं असतं.

एकच बाटली सगळ्या जंतांना

फेनबेंडाझोल किंवा आयव्हरमेक्टिन पोटातल्या गोल जंतांवर चालतं. लिव्हर फ्लूकवर त्याचा काही उपयोग नाही. हा पानासारखा चपटा जंत यकृतात राहतो आणि त्याची पिल्लं वाढतात पाणथळ जागेतल्या बारक्या गोगलगायीत. तिथून बाहेर पडून ती गवताला चिकटतात. म्हणजे वायंगणी (उन्हाळी भाताच्या) मळ्याच्या मेरेवरचं, म्हणजे बांधावरचं, आणि पाटाकडेचं जे हिरवंगार गवत बघून आपण खूश होतो, तेच बाधतं. मार्च-एप्रिलमध्ये सगळीकडे करपलेलं असताना जनावर नेमकं तिथंच तोंड घालतं. त्यापेक्षा सड्यावरचं, म्हणजे कातळमाळावरचं, वाळकं गवत बरं, वर गोठ्यात झाडपाला टाका.

जबड्याखालची सूज फ्लूकसारखीच गोल जंतांनीही येते, दोन्हीत रक्त कमी होतं. खालची पापणी ओढून बघा: लालसर असेल तर ठीक, पांढरी पडली असेल तर लेंड्या घेऊन दवाखाना गाठा. फ्लूकची लागण नवी असेल तर अडीच-तीन महिने तरी लेंड्यांत अंडी सापडतच नाहीत, तेव्हा जनावर कुठे चरतं तेही डॉक्टरांना सांगा.

आणि नजरेने वजन ठरवू नका. वीस किलोचा डोस तीस किलोच्या मेंढीला दिला तर सगळे जंत मरत नाहीत आणि उरलेले त्या औषधाला सरावतात. साधा ताणकाटा पुरतो. पाजताना मान वर ताणू नका, औषध फुप्फुसात जातं.

घाटावरची मेंढी पावसात इथे ठेवणं

धनगर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात, शेतात बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घेतात आणि पावसाआधी परत घाट चढतात. ही त्यांची हौस नव्हे, भिजलेली लोकर आणि कुजणारे खूर बघून आलेलं हे शहाणपण आहे. आपण मात्र तीच दख्खनी मेंढी जूनमध्ये मातीच्या गोठ्यात कोंडतो. बारमाही पाळायचंच असेल तर माझं मत सरळ आहे: सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ शेळी घ्या, ती याच हवेतली. तिलाही जमिनीपासून तीनेक फूट उंच मचाण हवंच. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवा, म्हणजे लेंड्या आणि मूत खाली पडेल.

मेंढ्या ठेवल्याच असतील तर गाईचं खनिज मिश्रण त्यांना चारू नका. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठून विषबाधा होते. खूर बुडवायला मोरचूद (तेही तांब्याचंच) वापरलात तर ते पाणी त्या पिणार नाहीत एवढं बघा.

पाऊस पडल्यावर लस

आंत्रविषारात कळपातलं सगळ्यात गुटगुटीत कोकरू सकाळी मेलेलं सापडतं आणि घरचे म्हणतात, दृष्ट लागली. पहिल्या पावसाचं कोवळं लुसलुशीत गवत पोटभर खाल्लं की आतड्यातले जिवाणू झपाट्याने वाढतात आणि त्यांचं विष रक्तात भिनतं. लस अंगी लागायला वेळ लागतो, म्हणून ती मे महिन्यातच टोचून घ्यायची. पहिल्यांदाच टोचत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरा डोस. लस बर्फाविना खिशात घालून आणली तर नुसती सुई टोचल्यासारखं होतं. पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या विषाणूजन्य साथरोगाची) लस मात्र तीन वर्षांतून एकदा पुरते. बाजारातून आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा.

वार पडेपर्यंत चीक न पाजणं

ही समजूत अजून वाड्यावाड्यांत ऐकू येते. वार पडायला सहा-आठ तासही लागतात, आणि तोवर उपाशी राहिलेल्या पिल्लाला आईकडून मिळणारी प्रतिकारशक्ती अपुरी पडते. पहिल्या तासाभरात चीक पाजा. दोन किलोच्या पिल्लाला दिवसभरात थोडा थोडा करून दोनशे मिली तरी गेला पाहिजे. उलट पिल्लू लुचायला लागलं की वार पडायलाही मदतच होते.