चेन बदलायला बसण्याआधी

चेन खडखडतेय म्हणून लगेच नवी आणायला पळू नका. आधी जुनी सायकलवर असतानाच मोजा. ती पुसून घ्या, पायडलवर हलका दाब देऊन ताणून धरा आणि स्टीलची पट्टी लावा. दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच असतं, त्यामुळे एका पिनवर शून्य धरलं की पुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर यायला हवी. ती 1/16 इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. 1/8 इंच गेली असेल तर मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्याही गेल्याच असं धरून चाला. 'चेन ताणली' असं आपण म्हणतो, पण पत्रा ताणत नाही. पिना आणि त्यांची भोकं झिजतात आणि शंभरावर कड्यांची झीज एकत्र दिसते.

चकत्यांचे दाते नुसते बघून भागत नाही. मी एकदा ते बरे दिसले म्हणून फक्त चेन बदलली. पहिल्याच चढावर उभं राहून जोर दिला, तर रोजच्या वापरातल्या चकतीवरून चेन कडकन उडाली आणि गुडघा हँडलवर आपटला. तेव्हापासून मी नवी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, हीही हाताशी ठेवूनच काम काढतो.

मागे कॅसेट आहे की चाकाच्या आट्यांवर फिरवून बसवलेला चकत्यांचा गट, म्हणजे फ्रीव्हील, हे खरेदीआधीच बघा. दोन्हींची हत्यारं वेगळी. कॅसेटला लॉकरिंगचा (ती धरून ठेवणाऱ्या कड्याचा) पाना लागतो, शिवाय चकत्या फिरू नयेत म्हणून चेनचा तुकडा लावलेला दांडा. फ्रीव्हीलला त्याच्या खाचांत बसणारा पाना आणि भरपूर जोर. चेन कटर, चिंध्या, ग्रीस हे तर हवंच.

नवी चेन तुमच्याकडे मागे जितक्या चकत्या आहेत तितक्यांसाठीचीच घ्या. लांबी ठरवताना जुनीशेजारी ठेवून कापू नका, कड्या मोजा. 114 कड्यांच्या चेनमध्ये एक टक्का झीज म्हणजे एका कडीहून जास्त फरक, आणि तेवढ्याने अंदाज चुकतो. चेनची दोन टोकं जोडायची कडी, म्हणजे क्विक लिंकही नवीच हवी. 11-12 चकत्यांच्या चेनची बहुधा एकदाच वापरायची असते.

आणि जुनी काढण्याआधी मागच्या डिरेल्युअरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, जवळून फोटो घ्या. दोन छोट्या चाकांच्या मध्ये पत्र्याची एक जीभ असते. नवी चेन तिच्या चुकीच्या बाजूने गेली तर घासत राहते आणि पुन्हा सगळं उघडावं लागतं.