पाळी जाऊन सात वर्षं झाली तरी अंगातला भडका जात नाही, मग काय करायचं

माझी पाळी 47 व्या वर्षी गेली, आता 54 चालू आहे अन् अजूनही रात्री दोनला छातीतून वाफ उठते, मान, डोकं, सगळं घामानं ओलं. मे महिन्यात कळतच नाही आग आतली का बाहेरची, पण थंडीत घरचे वाकळ ओढून झोपतात अन् मी एकटी ओसरीत बसते तेव्हा बरोबर कळतं. सासूबाई म्हणायच्या वर्षभरात निवते सगळं. तसं नाही बाप्पा, बऱ्याच जणींना सात-आठ वर्षं राहते, काहींना दहाच्या वर.

पहिलं म्हणजे सगळा त्रास एकाच पोत्यात भरू नका. भडके हळूहळू का होईना कमी होतात. खालची कोरड अन् लघवीची जळजळ मात्र आपोआप जात नाही, उलट वाढत जाते. हाडाची झीज तर दिसतच नाही, मनगट मोडलं की समजते.

भडक्यासाठी महिनाभर कॅलेंडरवर खूण करा, कधी आला, त्याच्या आधी काय खाल्लं-प्यायलं. माझा निघाला संध्याकाळचा कडक चहा अन् ठेच्याचं जेवण, तुमचं वेगळं निघेल. झोपताना सुती कपडे, उशाशी ओला दुपट्टा अन् माठाचं पाणी. हळू श्वास घेतला की घाबरं कमी होते, भडका थांबत नाही, उगाच आशा नको. सोयाबीनचं म्हणाल तर आपल्या वावरात पोत्यानं पिकते अन् घरात दाणा शिजत नाही, खाऊन पाहा, कोणाला फरक पडते कोणाला नाही.

झोपच मोडत असेल तर डॉक्टरला गोळ्या विचारा, लाजू नका. हार्मोनच्या गोळ्या भडक्यावर सगळ्यात जास्त चालतात पण साधारण साठीच्या आत अन् पाळी गेल्यापासून 10 वर्षांच्या आत सुरू केलेल्या बऱ्या, अन् स्तनाचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या नाही, तेव्हा बिगर हार्मोनच्या असतात. पिशवी काढलेली असेल तर ते आधी सांगा, तिची गोळी वेगळी राहते.

आता लघवीचं, यावर कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. वेचणीला गेलं की आडोसा नाही, म्हणून आपण सकाळपासून पाणीच पीत नाही अन् आलेली दाबून ठेवतो, त्यात आत कोरड, मग जळजळ होणारच. वावरात दोघी-तिघी मिळून जा, एक जण उभी राहील. खाली साबण अन् डेटॉल लावणं बंद करा, साधं पाणी पुरे. यासाठी आतून लावायचं हार्मोनचं मलम मिळते, रक्तात फार थोडं उतरते, पण डॉक्टरला विचारूनच, अन् फरक पडायला काही आठवडे जातात म्हणून चार दिवसात फेकू नका. नवऱ्याजवळ जाताना दुखत असेल तर तेही याच कोरडीनं, त्यासाठी जेल मिळते.

हाडासाठी रोज दूध-दही, तीळ, नाचणी, सकाळचं ऊन. भारे उचलून व्यायाम होतोच, पण वाकून नाही, गुडघ्यात बसून उचला.

सगळं पाळीवर ढकलू नका हेही सांगते. घामासोबत संध्याकाळी ताप, खोकला, वजन उतरणं असेल तर टीबी तपासा, थायरॉइड, शुगर, हिमोग्लोबिन बघून घ्या, बीपी-शुगर आशाताईला सांगून उपकेंद्रातच होते. अन् वर्षभर पाळी नाही अन् मग अंगावरून रक्त गेलं, एक डाग का असेना, त्याच आठवड्यात स्त्रीरोग डॉक्टर गाठा, सोयाबीन सोंगायचं नंतर पाहू.

ओपीडीत मागे दहा माणसं उभी असतात, तोंड उघडत नाही, मलेही जमलं नव्हतं, नुसती ताकदीची गोळी घेऊन परत आले. दुसऱ्या खेपेला पोरीकडून चिठ्ठी लिहून नेली, कधीपासून, रात्री कितीदा, लघवीचं काय, अन् ती नुसती टेबलावर ठेवली.