वावरातून नाल्यापलीकडे: कुत्र्याला माग काढायला शिकवणं

गावठी असो की लॅब्राडोर, नाक दोघांचंही चालतं. कारवानी मात्र मुळात नजरेनं पाठलाग करणारं कुत्रं, त्याला वेळ जास्त द्यावा लागतो.

छातीचा पट्टा आणि ३० फुटांची बिनगाठीची दोरी घ्या. गळ्याला ओढ बसली की कुत्रं डोकं वर करतं, आणि दोरीला गाठ असली तर ती पऱ्हाटीच्या खुंटात अडकणारच.

सुरुवात वखरलेल्या, किंचित ओल्या वावरात, सकाळी लवकर. सोबत्यानं तीन फूट जागा तुडवावी, वारा पाठीवर घेऊन ३० पावलं सरळ चालावं आणि दर पावलात हरभऱ्याएवढा उकडलेल्या कलेजीचा तुकडा टाकावा. शेवटी अंगावरचा दुपट्टा, त्याखाली मूठभर कलेजी. परतताना लांबचा वळसा घ्यावा. त्याच वाटेनं आला तर कुत्रं मधेच उलटं फिरतं आणि बोल मात्र त्यालाच लागतात. दहा मिनिटांनी कुत्रं तुडवलेल्या जागी आणा, ‘माग’ म्हणा, एकदाच.

दोनेक आठवड्यांनी तुकडे विरळ करा, अंतर शंभर पावलं, वळण एक. वळणावर काडी रोवायला विसरू नका, नाहीतर चुकलं कोण तेच कळत नाही. कुत्रं वळण सोडून पुढं गेलं तर ओढू नका, हाकही मारू नका. जागीच थांबा, त्याला घिरटी घालू द्या. डोकं वर ठेवून पळत असेल तर तुकडे लवकर कमी झालेत. दोन दिवस मागे या.

काळी माती ओली असेतो वास धरते. मुरमावर तो लवकर उडतो, आणि गुरं जाऊन आलेली पांदण सुरुवातीला टाळलेलीच बरी.

खरी परीक्षा नाल्याची. सकाळची थंड हवा उतारानं खाली सरकते, वासही तिच्यासोबत. माग धुऱ्यावरून गेला तरी कुत्रं दहा-पंधरा फूट खालून चालेल, चालू द्या. पाण्याशी अडलं तर पलीकडे न्या, काठाकाठानं वीस पावलं प्रवाहाच्या दिशेनं, मग तितकीच उलट. माग लागला की सैल दोरी एकदम ताठ होते, नाक जमिनीला चिकटतं.

उन्हाळ्यात सातच्या आत आटपा. धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. हाताची मागची बाजू मातीवर सात सेकंद टेकवत नसेल तर त्याचेही पंजे पोळतात. फवारलेल्या कपाशीत आणि झटका तारेजवळ नेऊच नका. नाक सगळ्यात आधी तिथंच लागतं. वाघ-बिबट्याचा वावर असलेल्या जंगलकडेलाही नको.

घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या, कान आणि नाकपुड्या बघा. पावसाळ्यात बेचक्यांत मातीचे गोळे घट्ट बसतात, ते कोमट पाण्यानं सोडवा. कुसळी गवताचं कुसळ आत शिरतं, आपोआप बाहेर येत नाही. सरावानंतर कुत्रं सारखं शिंकत असेल किंवा एकाच बाजूनं नाक घासत असेल तर घरी चिमटा चालवू नका, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.