आवाज फाटत होता, दोष साउंडबॉक्सचा निघाला

चावीचा जुना ग्रामोफोन घेताना तबकडी एका गतीने फिरते का, एवढंच मी पाहिलं. साउंडबॉक्स, म्हणजे सुईची थरथर आवाजात बदलणारी डबी, तपासायचा राहूनच गेला. घरी सूर चढला की आवाज फाटायचा आणि मी रेकॉर्डलाच दोष देत बसलो. शेवटी साउंडबॉक्स उघडला. अभ्रकाच्या पडद्याभोवतीची रबरी नळी वाळून दगड झाली होती! पडदा जपून काढला, कडेचा भुगा खरवडला, दोन्ही बाजूंनी मऊ पोकळ नळी बसवली. फार आवळलं नाही. पडदा मोकळा थरथरायला हवा. आवाज असा खुलला की डोळे भरून आले.

आता रेकॉर्डच्या प्रत्येक बाजूला नवी पोलादी सुई लावतो. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट मात्र कधीच नाही, लाख त्यात विरघळते. किंचित ओलं मऊ फडकं पुरतं.