जोडीदारासाठी घरीच शिवा ऐसपैस पायजमा, आणि त्याच कागदावरून शॉर्ट्स

घरात घालायच्या पायजम्याला ना चेन, ना काज-बटण. तरीही घरी शिवलेले बरेच पायजमे दोनदा घालून कपाटाच्या तळाशी जातात. दोष बहुधा आसनाचा (दोन्ही पाय जोडणाऱ्या मधल्या, बैठकीच्या भागाचा) असतो. कंबर इलॅस्टिक सांभाळून घेते, उंची मोहरीला (पायाच्या खालच्या कडेला) दुमडता येते, पण आखूड कापलेले आसन नंतर वाढत नाही.

सुती पॉपलीन किंवा कॅम्ब्रिक घ्या, थंडीसाठी फ्लॅनेल. ११० सेंमी पन्ह्याचे २.५ मीटर कापड पायजम्याला पुरते, शॉर्ट्सना १.५ मीटर. कापण्याआधी ते धुऊन, वाळवून इस्त्री करा. सुती कापड लांबीत जास्त आटते. न धुता शिवलात तर पहिल्याच धुण्यात पायजमा घोट्याच्या वर जाईल.

कागदावर नमुना काढण्यासाठी अंगाला नीट बसणारा जुना पायजमा वापरा (गुपचूप शिवायचा असेल तर हे सोयीचेच). तो होजियरीचा मात्र नको. ते कापड ताणते, त्यामुळे तेच माप सुती कापडात घट्ट होते. एक पाय दुसऱ्यात घाला, कंबरेचे इलॅस्टिक पूर्ण ताणून टाचण्या लावा आणि पुढचा व मागचा भाग वेगवेगळा काढा. मागची मध्यशिलाई पुढच्यापेक्षा ४-५ सेंमी उंच हवी आणि मागच्या आसनाचे टोक पुढच्याच्या साधारण दुप्पट बाहेर. नाहीतर बसले की पायजमा मागून खाली सरकतो. दोन मापे ताडून पाहा: पायजम्याचा घेर सीटच्या (नितंबांच्या) मापापेक्षा १५-२० सेंमी जास्त, आणि खुर्चीवर ताठ बसवून कंबरेपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंत बाजूने जे माप येईल, त्यात ३-४ सेंमी मिळवून आसनाची उंची. शिलाईला सगळीकडे १.५ सेंमी, नेफ्याला (इलॅस्टिक ओवायच्या कंबरेच्या दुमडीला) ४.५ आणि मोहरीला ४ सेंमी ठेवा.

कापड सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडा आणि पुढचा व मागचा भाग एकाखाली एक मांडा, उभा धागा काठाला समांतर. दुहेरी कापल्याने डावा-उजवा आपोआप मिळतो. एकेरी कापताना दोन्ही पाय एकाच बाजूचे निघण्याची चूक फार होते.

प्रत्येक पायाची आतली शिलाई आधी, मग बाहेरची. कडा इंटरलॉक किंवा झिगझॅग करा. एक पाय सुलट करून उलट्या पायात घाला, आतल्या शिलाया एकमेकींवर जुळवा आणि पुढच्या कंबरेपासून मागच्या कंबरेपर्यंत आसन सलग शिवा. आत, शिलाईच्या जागेत, ३ मिमी अंतरावर दुसरी टीप मारा. सगळ्यात जास्त ताण इथेच येतो आणि एकेरी टीप उसवते.

नेफ्यासाठी १ सेंमी आणि मग ३.५ सेंमी दुमडून खालच्या कडेलगत टीप मारा. मागे ५ सेंमी जागा उघडी ठेवा. त्याआधी वरच्या १० सेंमीत शिलायांच्या आतल्या कडा एका बाजूला दाबून शिवा, म्हणजे सेफ्टी पिन अडकणार नाही. ३ सेंमी रुंद इलॅस्टिक कंबरेपेक्षा ५-८ सेंमी कमी घ्या, सेफ्टी पिनने नेफ्यात ओवा, टोके २ सेंमी एकमेकांवर ठेवून चौकोनात शिवा. उघडी जागा बंद करून चुण्या सारख्या करा आणि बाजूच्या शिलायांवर इलॅस्टिकसकट उभी टीप मारा. नाहीतर धुण्यात ते आत पिळते.

शॉर्ट्ससाठी तोच कागद, आतली उंची १८-२० सेंमी. बसल्यावर मांडी पसरते, म्हणून मोहरीचा घेर मांडीपेक्षा १०-१२ सेंमी जास्त हवा. पाय खाली निमुळता होत असल्याने दुमड सरळ कापली तर ती पायापेक्षा अरुंद पडते आणि मोहरी ओढल्यासारखी दिसते. म्हणून कागद मोहरीच्या रेषेवर दुमडा आणि मगच बाजूच्या कडा कापा.