जुना गार्डन ट्रॅक्टर पारखताना

माझी अडतीस वर्षं ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला गेली. आता नौपाड्यात घरीच असतो, पण शनिवारी रात्री साडेनऊला फोन वाजला की चष्मा पुसून बसतो. भाचा अमेरिकेत, इंडियानात राहतो. त्याच्याकडे तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात आणि तो कुणाच्या तरी शेडमध्ये उभा असतो. "मामा, हा बघ. घेऊ का?"

त्याच्या घराभोवती दोन एकर जागा आहे. असे पन्नासेक ट्रॅक्टर मी फोनवर पाहिले, दोनदा तिकडे राहून चार उघडून पुन्हा बांधले. सकाळी कचराळी तलावावर फिरायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांची मुलं तिकडे आहेत. जुना ट्रॅक्टर कसा पारखायचा, हे दोघातिघांनी विचारलं, तेव्हा एकदा नीट लिहून काढतो.

नुसतं गवत कापतो तो लॉन ट्रॅक्टर. गार्डन ट्रॅक्टर मागे नांगर ओढतो आणि पुढे पातं लावलं की बर्फ ढकलतो. त्यासाठी त्याची चेसिस जाड लागते, मागचा गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा लागतो. जुन्या मॉडेलांना आज मागणी आहे ती मुख्यतः या बीडासाठी. इंजिनाचा ब्लॉकसुद्धा बीडाचा हवा. कोहलर कंपनीच्या इंजिनांची के मालिका तशी आहे: बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, झिजला तर रीबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालता येतो, आणि इंजिन पुन्हा उभं राहतं.

मग कंपनी आणि काळ. कब कॅडेट हा ट्रॅक्टर इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने काढला. १९६१ ते १९६३चं पहिलं मॉडेल, ज्याला तिकडे 'ओरिजिनल' म्हणतात, त्यात सात हॉर्सपॉवरचं कोहलर. १९८१ साली हा धंदा एमटीडी या कंपनीकडे गेला, आणि शौकीन लोक त्याआधीचाच मागतात. व्हील हॉर्स साउथ बेंडचा, म्हणजे भाच्याच्याच राज्यातला. तो १९७४मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८६मध्ये टोरोकडे गेला. जॉन डिअरचा पहिला गार्डन ट्रॅक्टर ११०, साल १९६३. त्याचे मागचे मडगार्ड १९६७पर्यंत गोल होते, १९६८पासून चौकोनी झाले. गोल मडगार्डवाल्याला भाव जास्त, आणि त्यातही पहिल्या वर्षाचा असला तर विचारायलाच नको.

आता रंग. नवा चकचकीत रंग दिसला की मी भाच्याला खिशातलं फ्रिजचं चुंबक काढायला सांगतो. बॉनेटवर, मडगार्डच्या कडेला, पाय ठेवायच्या पत्र्यावर ते फिरवायचं. जिथे धरत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ काढायला वापरलेल्या ट्रॅक्टरचा पत्रा कळव्याच्या खाडीकाठच्या शेडसारखा आतून खाऊन जातो. म्हणून गवत कापायचा डेक उलटा करून बघावा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकावा. आवाज बद्द आला तर पत्रा गेला. मूळ रंग फिका पडलेला, स्टिकर अर्धवट उडालेले, पण काही झाकलेलं नाही, असा ट्रॅक्टर मी कधीही आधी घेईन. जाणकार गिऱ्हाईकही तसाच मागतं.

एकाच ठिकाणी मात्र सगळी किंमत रंगाची आहे. जॉन डिअरने १९६९ ते १९७१ या काळात 'पॅटिओ' मालिका काढली: ११०, ११२, १२० आणि १४०. नेहमीच्या हिरव्याऐवजी अंग पांढरं, बॉनेट आणि सीट लाल, नारिंगी, पिवळी किंवा निळी. शेतकऱ्याचा हिरवा रंग नको असलेल्या शहरी घरांसाठी ही कल्पना होती. आज हे ट्रॅक्टर शोधावे लागतात, त्यामुळे हिरव्याला पांढरा रंग मारून विकणारेही भेटतात. तेव्हा डॅशबोर्डच्या मागे, सीटच्या बोल्टखाली, बॅटरीच्या तळाशी, जिथे स्प्रेगन पोचत नाही तिथे टॉर्च मारायचा. हिरवं दिसलं तर फक्त साध्या ११०चे पैसे द्यायचे. उलटंही होतं: नंतरच्या मालकाने हिरवा फासलेला असतो आणि ओरखड्याखाली पांढरा निघतो. असा एक सापडावा म्हणून मी अजून डोळे लावून आहे.

इंजिन सुरू करण्याआधी त्यावर हात ठेवायला लावतो. गरम लागलं तर विकणाऱ्याने आधीच चालवून ठेवलंय, म्हणजे थंड असताना ते सहज उठत नसावं. मग दुसऱ्या दिवशी या, असं सरळ सांगावं. उठल्यावर धूर बघायचा. निळा धूर सुटतच राहिला तर पिस्टनच्या रिंगा किंवा बोअर झिजलाय. कोहलरच्या कव्हरवरची पट्टी वाचायला सांगतो: मॉडेल, स्पेक, सिरियल. के २४१पासून के ३४१पर्यंतच्या बऱ्याच इंजिनांत आत थरथर कमी करणारे बॅलन्स गिअर असतात. जुने झाल्यावर ते तुटून ब्लॉकला भोक पाडू शकतात, म्हणून जाणकार इंजिन उघडलं की ते काढून टाकतात. "काढलेत का?" एवढं विचारलं तरी समोरच्याचं मशीनवर किती प्रेम आहे ते कळतं.

जॉन डिअर ३१८ (१९८३ ते १९९२) चालवायला सुरेख, हायड्रॉलिक स्टिअरिंग, पण त्याचं दोन सिलिंडरचं ओनान इंजिन गेलं तर पार्ट महाग. घ्यायचा तो इंजिन ऐकूनच. जॉन डिअरच्याच ४३०मध्ये यानमार कंपनीचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे. ते वर्षानुवर्षं टिकतं आणि किंमतही तशीच धरतं.

स्टिअरिंग हलवून प्ले किती, पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या पिनला किती लूज, हे बघाच. पण ते पंधरवड्यात नीट होतं, बुश टर्नरकडून करून घेता येतं. त्यासाठी सौदा मोडू नका, पैसे कमी करा.

मिळत नाहीत ते जोडसामानाचे भाग. नांगर, टिलर, बर्फाचं यंत्र, फ्रंट लोडर, आणि ते ज्यावर बसतात ते ब्रॅकेट आणि लिव्हर. कित्येकदा या सामानाची किंमत ट्रॅक्टरइतकी होते. म्हणून पैसे देण्याआधी भाच्याला शेडच्या मागच्या कोपऱ्यात पाठवतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिथे ताडपत्रीखाली बीडाची चाकाची वजनं आणि पूर्ण नांगर निघाला, पिनांसकट. विकणाऱ्याच्या ते लक्षातही नव्हतं. भाच्याने त्याला तसं सांगितलं, जास्तीचे योग्य पैसे दिले आणि सगळं ट्रेलरवर चढवलं. इकडे रात्रीचे साडेअकरा झाले होते.