पोलीस स्मृतिदिनाचं शूट करताय? या चुका टाळा

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैनिकांच्या हल्ल्यात १० पोलीस जवान शहीद झाले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या तारखेला सकाळी पोलीस मैदानांवर परेड होते आणि दुपारच्या आत मिनिटाभराची रील टाकायची म्हणून आमची धावपळ. चुका मात्र ठरलेल्या.

सगळ्यात वाईट चूक आवाजाची. ऑटो गेन, म्हणजे आवाजाची लेव्हल कॅमेऱ्यानेच कमी-जास्त करायची सोय, चालू ठेवून मुलं बिनधास्त उभी राहतात. सगळे स्तब्ध उभे राहिले की मैदान शांत होतं, कॅमेरा आपणहून लेव्हल चढवत नेतो आणि नुसती घरघर रेकॉर्ड होते. मग लास्ट पोस्ट ही शहिदांना मानवंदना देणारी बिगुलाची धून सुरू होते आणि बिगुलाचा पहिलाच सूर फाटतो. एकदा माझ्या शेजारच्या मुलाचं नेमकं हेच झालं. कानाला हेडफोन नव्हते, त्यामुळे कळलं ते एडिटला बसल्यावर. वरून ऑफिसचे फोनवर फोन. त्याने बिगुल काढून टाकला आणि कुठलं तरी उदास पियानो संगीत चिकटवलं. रीलमध्ये जवानाच्या ओठाला बिगुल आणि ऐकू येतो पियानो! शहिदाच्या घरचे लोक हे बघतात, याचं तरी भान हवं होतं.

मी रंगीत तालमीलाच जातो. बिगुल वाजताना गेन मॅन्युअलवर घेऊन लेव्हल उणे १२ डेसिबलच्या आसपास बांधतो आणि दुसऱ्या दिवशी त्या बटणाला हात लावत नाही. फैरी झडणार असतील तर दुसरा रेकॉर्डर आणखी खालच्या लेव्हलवर. ‘तालमीला यायला वेळ नव्हता’ हे कारण मला पटत नाही.

फोन एअरप्लेन मोडवर टाका. व्हिडिओ उभा की आडवा, हे घरून ठरवून निघा.

‘शोक शस्त्र’चा हुकूम झाला की बंदुकांच्या नळ्या जमिनीकडे वळतात, माना झुकतात. तेव्हा जागा बदलायची नाही. ट्रायपॉड आधीच लावलेला असावा. याच वेळी काही जण रडणाऱ्या आईच्या तोंडावर झूम करत पुढे सरकतात. व्ह्यूज मिळतात, माहीत आहे. तरीही करू नका. मी पुष्पचक्र ठेवणारे हात घेतो. कुटुंबीयांशी बोलायचं ते कार्यक्रमानंतर, त्यांना विचारून.

आदल्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून यंदाच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात शहीद झालेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. ती कानाने ऐकून कॅप्शनमध्ये लिहू नका. मी यादीचा फोटो मागून घेतो आणि अक्षर न् अक्षर ताडून बघतो. व्हिडिओ दहा मिनिटं उशिरा गेला तरी चालेल.

आणि एडिटमध्ये ती स्तब्धता ‘डेड’ म्हणून उडवू नका. साठ सेकंदांतले सहा-सात सेकंद एकाच शॉटवर, खालून संगीत न लावता, तसेच राहू द्या.